एका लॅब्राडॉरचे दहा किलो: अकरा महिन्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

राणी (नाव बदलले आहे) ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारी सहा वर्षांची लॅब्राडॉर. दीड वर्षाची असताना तिचे नसबंदीचे ऑपरेशन झाले. त्या वेळच्या कागदावर वजन ३०.४ किलो आहे. पुढची साडेचार वर्षे वजनाची एकही नोंद नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक लसीसाठी आणली, तेव्हा ती काट्यावर ४१.६ किलो भरली.

घरच्यांची तक्रार वजनाची नव्हतीच. राणी जिन्याच्या वळणावर बसून राहते, रात्री घोरते आणि होळीच्या आधीपासूनच धापा टाकते, एवढे त्यांना खटकत होते. "लॅब आहे, अंगानं भरलेलीच असणार," असे बाबांचे म्हणणे. घरात आजी, आई, बाबा, कॉलेजात जाणारा मुलगा, शाळेत जाणारी मुलगी आणि रोज कामाला येणाऱ्या मावशी. म्हणजे राणीला खाऊ घालणारे हात सहा.

जाडी मोजायला काट्याइतकाच हात लागतो. आपल्या पंजाच्या पालथ्या बाजूवरून बोट फिरवले की हाडे जशी लागतात, तशा निरोगी कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. मूठ वळून पेरांवर बोट फिरवल्यासारख्या लागल्या तर कुत्रे बारीक, आणि अंगठ्याखालच्या मांसल गादीसारखे लागले तर जाड. राणीच्या बरगड्या दाबूनही नीट सापडल्या नाहीत. वरून पाहिले तर कंबर नाही, शेपटीच्या मुळाशी चरबीचा गोळा. नऊ अंकांच्या मोजपट्टीवर हा ८ अंक. पाच हा योग्य, आणि त्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजन. त्या हिशेबाने तिचे योग्य वजन २९ ते ३२ किलोच्या दरम्यान येत होते. जुन्या कागदावरचा ३०.४ हा आकडा त्यात बसतो, म्हणून लक्ष्य ३० किलो धरले.

अडचण नेमकी कुठे होती

कुटुंबाची खात्री होती की हा थायरॉइड आहे. "ती फक्त तीनशे ग्रॅम ड्राय फूड खाते" हे वाक्य पहिल्या भेटीत तिघांनी वेगवेगळे उच्चारले.

रक्त, लघवी आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या. वजन वाढण्याचे काही आजार खरोखर असतात आणि ते वगळल्याशिवाय खाणे तोडणे चूक आहे. थायरॉइडसाठी टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) आणि टीएसएच (त्या ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) दोन्ही पाहिले, कारण एकटा टी-४ दुसऱ्या आजारांत आणि स्टेरॉइडसारख्या औषधांमुळेही खाली येतो आणि नको ती गोळी जन्मभर मागे लागते. सगळे आकडे ठीक आले. पाणी जास्त पिणे, दोन्ही कुशींवरचे केस जाणे, पोट लोंबणे ही कुशिंगची (शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याच्या आजाराची) लक्षणे नव्हती, म्हणून ती महागडी तपासणी केली नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही कोपरांच्या सांध्यांत झीज सुरू झालेली दिसली. जिन्याचे उत्तर तिथे होते.

मग घरच्यांना सात दिवसांची वही घालून दिली. नियम दोनच: जे तोंडात जाईल ते लिहायचे, आणि या आठवड्यात काहीही बदलायचे नाही. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदीत "ड्राय फूड, थोडी पोळी" एवढेच होते, कारण वही आईकडे होती आणि आई दिवसभर ऑफिसात. तिसऱ्या दिवशी वही फ्रिजला दोरीने टांगली, पेन्सिल बांधली आणि प्रत्येकाला स्वतःचा रकाना दिला. तेव्हा चित्र उघड झाले. एका दिवसाची सरासरी अशी:

- ड्राय फूड: सांगण्यात ३०० ग्रॅम, काट्यावर ३७० ग्रॅम. १,३३० किलोकॅलरी
- तूप लावलेल्या दोन पोळ्या (आजी): २६०
- ग्लुकोजची आठ बिस्किटे (चार मावशी, चार मुलगी): २००
- म्हशीचे दूध, दीड वाटीच्या आसपास (आई): १५०
- रात्री उरलेला वरणभात, वर तूप: १५०

एकूण २,१०० च्या जवळ. त्यातले साडेसातशेच्या वर भांड्याबाहेरचे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. भांड्यातले ७० ग्रॅम कुठून वाढले? ड्राय फूड स्टीलच्या वाटीने मोजत होते आणि वाटी शिगोशीग भरत होती. वाटी किंवा कप हे या कामासाठी माप नाहीच. तीच वाटी दोन माणसांनी भरली तरी वजनात मोठा फरक पडतो.

कोणी एकाने राणीला जास्त खाऊ घातले नव्हते. प्रत्येकाने थोडेसेच दिले होते, आणि प्रत्येकाला आपलेच थोडेसे ठाऊक होते.

लॅब्राडॉरची भूक हाही भाग आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, ती वेगळीच. राणीची जनुक चाचणी केली नाही, कारण निकाल काहीही आला तरी उपाय बदलणार नव्हता. पण घरच्यांना ही माहिती सांगणे उपयोगी पडले. ती डोळे लावून बसते तेव्हा उपाशी असतेच असे नाही, हे त्यांना त्यातून पटले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बाबांचा: आहे तेच ड्राय फूड निम्मे करायचे. स्वस्त आणि सोपे. पण नेहमीच्या खाण्यात प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजे ही पूर्ण मापाच्या हिशेबाने घातलेली असतात. माप निम्मे केले की तीही निम्मी होतात, आणि चरबीबरोबर स्नायू झिजतात. शिवाय भांडे इतके रिकामे दिसते की कुत्रे कचऱ्याचा डबा उलटवायला शिकते आणि चौथ्या दिवशी माणसे विरघळतात.

दुसरा पर्याय आजींचा: घरी चिकन, दुधी आणि थोडा भात शिजवायचा. कुत्र्यांना हे आवडते आणि तात्पुरते चालते. पण नुसत्या मांस-भातात कॅल्शियम फारच कमी असते. वर्षभर असे खाऊ घालायचे तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती आणि पूरक पावडर यांचे ग्रॅममधले माप हवे, आणि ते रोज पाळायला हवे. सहा हातांच्या घरात ते टिकेल असे वाटले नाही.

तिसरा पर्याय मुलाचा: फक्त फिरवणे वाढवू. इथे आकडाच बोलतो. ४० किलोचे कुत्रे एक किलोमीटर चालले तर ४०-४५ किलोकॅलरी जळतात. तुपाची एक पोळी जिरवायला तीन किलोमीटर, तेही दुखऱ्या कोपरांवर. चालणे स्नायू टिकवण्यासाठी आणि सांधे मोकळे राहण्यासाठी हवेच, पण वजन मुख्यतः भांड्यातूनच उतरते.

चौथा पर्याय म्हणजे वजन उतरवण्यासाठीचे, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारे ड्राय फूड. प्रथिने आणि तंतू जास्त, उष्मांक कमी, शंभर ग्रॅमला ३०० किलोकॅलरी. महिन्याचा खर्च वाढणार होता. हाच पर्याय निवडला, आणि खर्च ऐकून बाबा अडले तेव्हा त्यांच्यासमोर एक अभ्यास ठेवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ लॅब्राडॉर आयुष्यभर पाहिले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, दुसऱ्यांचे ११.२. "म्हणजे जवळजवळ दोन वर्षं," बाबा म्हणाले, आणि पिशवी घेऊनच गेले.

ठरलेली योजना

लक्ष्य वजनाला नुसत्या विश्रांतीत लागणारी गरज काढायचे सूत्र असे: किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. तीस किलोसाठी ८९७ येतात, म्हणून दिवसाला ९०० किलोकॅलरी धरल्या. आत्ताच्या वजनावर हिशेब करणे ही नेहमीची चूक, त्यात चरबीलाच खाऊ घातले जाते. ९०० पैकी ८१० ड्राय फूडमधून (२७० ग्रॅम) आणि ९० वरच्या खाऊसाठी. वेग आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास ठेवायचा, दोन टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

जुन्यावरून नव्या खाण्यावर यायला सात दिवस घेतले: दोन दिवस पाव हिस्सा नवे, दोन दिवस निम्मे, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदलले तर जुलाब होतात आणि दोष नव्या खाण्याला लागतो.

मोजणी एकाच माणसाकडे दिली. मुलगा दर रविवारी एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या किचनच्या काट्यावर सात डबे भरतो. प्रत्येक डब्यात २७० ग्रॅम, झाकणावर वार. त्या वाराचा डबा संपला की त्या दिवशीचे खाणे संपले. डब्यातले खाणे तीन वेळांत विभागले, कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून फुगवले आणि वर शंभर ग्रॅम उकडलेला दुधी, बिनमिठाचा. दुधीने जेमतेम पंधरा किलोकॅलरी वाढतात (त्या वरच्या खाऊत धरल्या), पण भांडे भरलेले दिसते. संध्याकाळचे खाणे भांड्याऐवजी परातीत पसरून दिले. दीड मिनिटात संपणारे जेवण आठ-दहा मिनिटे पुरू लागले.

सगळ्यात अवघड निर्णय आजींच्या पोळीचा होता. देवाला नैवेद्य दाखवल्यावर गायीचा आणि कुत्र्याचा घास काढायची त्यांची आयुष्यभराची सवय. "दारातल्याला उपाशी पाठवत नाही मी, डॉक्टर. ही तर घरातली," त्या म्हणाल्या. पोळी पूर्ण बंद करा असे सांगणे शक्य होते. तसे केले असते तर पोळी बंद झाली नसती, फक्त वहीतून गेली असती. म्हणून आजींनाच वरच्या खाऊचा डबा सोपवला. सकाळी त्यात पाव पोळी बिनतुपाची (२५ किलोकॅलरी), गाजराचे आणि काकडीचे तुकडे, आणि थोडे उकडलेले चिकन. मावशी, मुलगी, कोणालाही राणीला काही द्यायचे असेल तर आजींकडे मागायचे. "आजी, राणीच्या डब्याच्या किल्ल्या तुमच्याकडे," असे त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले. बिस्किटांचा डबा वरच्या फडताळात गेला.

चालणे पहिला महिना दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री साडेसातनंतर. रस्त्यावर पालथा हात सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवायचे नाही. जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो, त्यामुळे या बाबतीत सवलत नव्हती. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिच्या वाटेत जुन्या योगा मॅट टाकल्या. घसरत उठण्यानेच कोपरांवर सर्वांत जास्त ताण येत होता.

वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी.

काय घडत गेले

दुसऱ्या आठवड्यात ४०.९, चौथ्यात ४०.३, आठव्यात ३८.६, बाराव्यात ३७.२. मेअखेर राणी जिन्याच्या वळणावर न बसता वर येऊ लागली. घरच्यांचा उत्साह इतका वाढला की चालणे एकदम पस्तीस मिनिटांवर नेले, आणि ती पुढच्या उजव्या पायाने लंगडली. चालणे पंधरा मिनिटांवर आणले, मूत्रपिंड आणि यकृताचे आकडे पुन्हा पाहून सांधेदुखीची रोजची गोळी सुरू केली.

सोळाव्या आठवड्यात वजन ३७.०. चार आठवड्यांत फक्त दोनशे ग्रॅम.

आईने विचारले, "अजून कमी करायचं का खाणं?" अशा वेळी माप दहा टक्क्यांनी घटवायचा मोह होतो. ते थांबवून आधी वही पुन्हा उघडली. डबे बरोबर होते, आजींचा खाऊ बरोबर होता. मग विचारले की गोळी कशात देता. उत्तर: चीजच्या क्यूबमध्ये. सकाळी एक क्यूब गोळीसाठी, संध्याकाळी दुसरा सांध्यांच्या पूरक गोळीसाठी. औषध म्हणून तो कोणाच्याच रकान्यात नव्हता. एका क्यूबमध्ये साधारण ८० किलोकॅलरी, दोन मिळून १६०, म्हणजे दिवसाच्या हिश्शाच्या अठरा टक्के. चार आठवड्यांचे ४,५०० च्या आसपास, चरबीत मोजले तर सहाशे ग्रॅमच्या जवळ. थांबलेल्या वजनाचा निम्मा हिशेब इथे लागला. उरलेला अर्धा कमी झालेल्या चालण्याचा आणि जूनमधल्या पावसाचा.

माप बदलले नाही. ती गोळी तशीही जेवणासोबतच द्यायची होती. भिजलेल्या ड्राय फूडचा लाडू करून त्यात गोळी दडवली, आणि पाच ग्रॅम चिकन मागोमाग. पावसात चालणे सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि घरात वास घेऊन शोधायचे खेळ. जिना चढ-उताराचा व्यायाम मात्र मुद्दाम टाळला, कोपरांना तो सोसत नाही. विसाव्या आठवड्यात ३६.०, सव्विसाव्यात ३४.६.

गणपतीत वजन वाढले: अठ्ठाविसाव्या आठवड्यात ३४.९. पाहुण्यांना राणी गोड वाटली आणि मोदक भराभर गेले. वजनाचे तीनशे ग्रॅम दोन-तीन आठवड्यांत निघाले असतेच. खरी काळजी दुसरी होती. प्रसादाच्या पंचखाद्यात मनुका होत्या, आणि मनुका व द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात, किती खाल्ल्याने हे आधी सांगता येत नाही. राणीने त्या खाल्ल्या नव्हत्या. दिवाळीला मुलीने तिच्या पट्ट्याला पुठ्ठ्याची पाटी बांधली: "मला खायला देऊ नका. मी औषधावर आहे." "डाएटवर आहे" लिहिले असते तर लोकांनी हसून फराळ दिला असता.

छत्तिसाव्या आठवड्यात ३२.९. वेग मंदावल्याने इथे पहिल्यांदा खाणे घटवले, २७० वरून २५५ ग्रॅम. चव्वेचाळिसाव्यात ३१.६, अठ्ठेचाळिसाव्यात ३१.२.

थांबायचे कुठे

लक्ष्य ३० होते आणि कागदावर सव्वा किलो उरला होता. पण बरगड्या हाताच्या पालथ्या बाजूसारख्या लागत होत्या, वरून कंबर दिसत होती, मांड्यांचे स्नायू भरलेले होते. मोजपट्टीवर ५. लक्ष्य वजन हा सुरुवातीचा अंदाज असतो. समोरचे शरीर वेगळे सांगत असेल तर आकड्यासाठी कुत्र्याला आणखी दोन महिने कमी खाण्यावर ठेवण्यात अर्थ नाही. ३१ वर थांबायचे ठरले.

यानंतरचा टप्पा बहुतेक ठिकाणी हातातून निसटतो. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठीचे नेहमीचे सूत्र राणीला दिवसाला १,४८० किलोकॅलरी देऊ करते. वजन उतरवलेल्या कुत्र्याला त्यापेक्षा बरेच कमी पुरते. म्हणून दर दोन आठवड्यांनी दहा टक्के वाढवत नेले: ८५५ वरून ९४०, मग १,०३०. तिथे पंधरवड्यात तीनशे ग्रॅम वाढले, म्हणून ९९० वर आणून स्थिर केले. खाणे तेच ठेवले, ३०० ग्रॅम ड्राय फूड आणि आजींचा डबा. तीन महिन्यांनी वजन ३१.३.

राणी आता दोन मजले न थांबता चढते. घोरणे जवळपास गेले. सांधेदुखीची गोळी रोजऐवजी गरजेपुरती झाली आहे.

काय वेगळे करता आले असते

ऑपरेशनच्या दिवशीच माप घटवून द्यायला हवे होते, आणि पुढच्या प्रत्येक लसीला वजन लिहायला हवे होते. साडेचार वर्षांत अकरा किलो म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅम. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसते.

कोपरांची झीज पहिल्या दिवशी दिसली होती. वेदनेचा उपाय तेव्हाच सुरू केला असता तर बाराव्या आठवड्यातले लंगडणे आणि त्यामागचे अडकलेले चार आठवडे बहुधा टळले असते. चालणे आठवड्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वाढवायचे नाही, हेही लिहून द्यायला हवे होते.

गोळी देताना ती कशात द्यायची हे कोणी सांगितले नाही. वहीत "औषधासोबत" असा रकाना सुरुवातीपासून हवा होता.

आणखी एक चूक वेळेत सापडली. सांधेदुखीच्या गोळीचा डोस ३७ किलोला बांधलेला होता आणि राणी ३२.९ वर आली तरी तोच चालू होता. छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत तो नव्या वजनाला बसवला. गोचिडांच्या गोळीचेही तसेच: मार्चमध्ये ती चाळीस किलोंवरच्या गटातली होती, दुसऱ्याच महिन्यात खालच्या गटात आली. वजन उतरत असलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक औषधाचा डोस दर तीन किलोंमागे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावा, स्वतः कमी-जास्त करू नये.